तुझं कुठलं पिंक फ्लॉइड?

१९९४ साली, शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर असताना, पुण्यातल्या आमच्या होस्टेलवर पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या ‘द डिव्हिजन बेल’ या नव्या अल्बमची कॅसेट आली. कुणाच्या तरी मामाने परदेशातून आणलेली, छापील कव्हराची, अस्सल. एरवी आमच्याकडच्या कॅसेट भरून घेतलेल्या असत. कोरी कॅसेट दुकानदाराला द्यायची, एका बाजूला एक अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि फीत संपली की शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. ती तुटलेली जागासुद्धा आम्हाला पाठ असायची. त्या रात्री आम्ही आठ जण एका खोलीत दाटीवाटीने बसलो. सुरुवातीचा नुसत्या वाद्यांचा तुकडा संपला, दुसरं गाणं सुरू झालं न झालं तोच माझा रूम पार्टनर म्हणाला, “हे पिंक फ्लॉइड नाही. वॉटर्स नाही म्हणजे पिंक फ्लॉइड नाही.” रॉजर वॉटर्स म्हणजे बँडचा गीतकार, १९८५ मध्येच बाहेर पडलेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. दाराजवळ बसलेला सांगलीचा एक मुलगा हळूच म्हणाला, “मला तर आवडतंय.” मी त्याच्याकडे वळून विचारलं, “तू ‘ॲनिमल्स’ पूर्ण ऐकलायस का?” वॉटर्सच्या काळातला तो अल्बम त्याने ऐकला नव्हता. “मग आधी तो ऐक आणि मग बोल.” खोलीत हशा झाला. तो थोडा वेळ बसला, मग उठून गेला आणि त्यानंतर आमच्या खोलीत गाणी ऐकायला कधीच आला नाही.

ज्या बँडमुळे आम्ही आठ जण एकत्र आलो होतो, त्याच बँडच्या नावाने मी एकाला बाहेर काढलं. ही गोष्ट मला तीस वर्षं टोचते आहे. आजही चाहत्यांचं कुठलंही टोळकं जमलं की हेच घडताना दिसतं, म्हणून तिच्याबद्दल लिहायचं ठरवलं.

एकाच बँडच्या चाहत्यांना वेगवेगळी गाणी, वेगवेगळे काळ, वेगवेगळी माणसं आवडतात. यात नवल काहीच नाही. नवल याचं वाटतं की आपण त्या फरकाचा इतका राग धरतो. ज्याला पिंक फ्लॉइड मुळीच आवडत नाही त्याच्याशी आपण गोडीगुलाबीने वागतो. पण ज्याला पिंक फ्लॉइड आवडतं, फक्त आपल्या नावडीचं आवडतं, त्याच्याशी मात्र आपण भाऊबंदकीच्या त्वेषाने भांडतो. बांधावरून होणारी भांडणं शेजाऱ्यांचीच असतात, तसंच हे.

पिंक फ्लॉइडच्या बाबतीत तर हा त्वेष अगदीच निराधार आहे, कारण ‘खरं पिंक फ्लॉइड’ म्हणून बोट ठेवावं अशी एक वस्तू कधी नव्हतीच. १९६५ साली लंडनमध्ये हे नाव जन्माला आलं तेव्हा बँड सिड बॅरेटचा होता. नावही त्यानेच दिलं, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांतून. १९६७ च्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी त्याची, लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी, सायकली आणि मांजरांची, मधूनच अंतराळात निघून जाणारी. १९६८ च्या सुरुवातीला गिटारवादक डेव्हिड गिल्मोर आला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॅरेट बाहेर पडला. त्याचं मन त्याच्या ताब्यात राहिलं नव्हतं. पुढची चार-पाच वर्षं हे लोक चाचपडत होते, आणि ते चाचपडणं आजही ऐकण्यासारखं आहे. १९७१ च्या ‘मेडल’मधलं ‘एकोज’ रेकॉर्डची अख्खी एक बाजू, तेवीसेक मिनिटं, व्यापून बसतं. मग १९७३ चं ‘द डार्क साइड ऑफ द मून’. चौघांच्या ताकदीचं वजन सर्वांत नीट तोललेलं इथे दिसतं. अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या अल्बमच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता. तिथून पुढे रॉजर वॉटर्सचे शब्द मोठे होत गेले आणि बाकीच्यांची जागा आक्रसत गेली. १९७७ च्या ‘ॲनिमल्स’वर कीबोर्डवादक रिक राइटच्या नावाची एकही रचना नाही. १९७९ चं ‘द वॉल’ म्हणजे जवळजवळ वॉटर्सचं आत्मचरित्र. १९८३ च्या ‘द फायनल कट’वर तर छापलेलंच आहे की हे रॉजर वॉटर्सचं आहे आणि पिंक फ्लॉइडने सादर केलं आहे. राइट त्यात नाहीच, आणि गिल्मोरचा मुख्य आवाज एकाच गाण्यात आहे. १९८५ मध्ये वॉटर्स निघून गेला, नावावरून कोर्टकज्जे झाले, १९८७ च्या डिसेंबरमध्ये तडजोड झाली. तोवर गिल्मोरच्या हाताखाली बँड पुन्हा उभाही राहिला होता.

म्हणजे पिंक फ्लॉइड या एका नावाखाली किमान चार बँड होऊन गेले. सगळ्या अल्बमवर हजर असलेला माणूस एकच, ड्रमर निक मेसन. आणि २०१८ पासून त्याने स्वतःचा जो बँड काढला आहे तो वाजवतो काय, तर ‘डार्क साइड’च्या आधीची गाणी! जो माणूस सगळ्याला साक्षी आहे, त्याने सगळ्यांत दुर्लक्षित काळ निवडला. त्याला कुणी ‘खरा चाहता नाहीस’ असं म्हणेल का?

मग आवडी ठरतात कशा? मला वाटतं, माणूस कुठल्या दारातून आत आला यावर त्या बऱ्याचशा ठरतात, आणि दार आपण निवडलेलं नसतं.

मी इचलकरंजीचा, मराठी माध्यमाचा. अकरावीच्या सुट्टीत एका मित्राच्या घरी ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ची सुरुवात ऐकली. लांबलचक सुरावट चालू राहते, आणि मग गिटारवर चार सूर येतात. नुसते चार. मध्ये शांतता. पुन्हा तेच चार. मला त्या गाण्यातला एक शब्दही कळला नव्हता. शब्द येतात तेच मुळी आठेक मिनिटांनंतर. ते गाणं सिड बॅरेटसाठी आहे हेही ठाऊक नव्हतं. पण कुणीतरी हरवलंय आणि कुणीतरी त्याला हाक मारतंय, एवढं त्या चार सुरांनी सांगितलं होतं. माझं दार गिल्मोरचं बोट होतं.

माझा रूम पार्टनर मुंबईच्या इंग्रजी शाळेतून आलेला. त्याच्या तोंडात शब्द होते. वॉटर्सचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओला १९४४ च्या फेब्रुवारीत मारले गेले, तेव्हा वॉटर्स पाच महिन्यांचा होता, हे त्याच्याकडून मला कळलं. शाळा, आई, युद्ध, सरकार, प्रेक्षक, यांतून ‘द वॉल’ची एकेक वीट कशी रचली जाते हे त्याने रात्र-रात्र बसून सांगितलं. मी त्याचा ऋणी आहे. पण त्याच बरोबरीने तो हेही सांगत असे की गिटारसाठी पिंक फ्लॉइड ऐकणं म्हणजे पुस्तकाचं मुखपृष्ठ बघणं. मला लाज वाटायला लागली. मी शब्द पाठ केले, वॉटर्सच्या पक्षात गेलो, आणि चार वर्षांनी जी काठी माझ्या पाठीवर बसली होती तीच मी सांगलीच्या मुलाच्या पाठीवर चालवली. तोही मराठी माध्यमाचाच होता.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आपल्याकडच्या चाहत्यांमधला शब्द विरुद्ध सूर हा वाद दिसतो तितका निव्वळ संगीताचा नाही. महाराष्ट्रात इंग्रजी गाणं कुणाला शब्दांसकट मिळालं आणि कुणाला शब्दांवाचून, यामागे शाळा आहे, गाव आहे, बापाचा पगार आहे. ‘तुला त्यातलं राजकारणच कळलं नाही’ असं म्हणणारा पुष्कळदा नकळत एवढंच म्हणत असतो की ‘तुझं इंग्रजी माझ्याइतकं नाही’. आणि सूर आधी ऐकणारा कुठल्याच अर्थाने उथळ नसतो. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये क्लेअर टोरी या गायिकेने १९७३ च्या जानेवारीत जे गायलं त्यात एकही शब्द नाही. तिला त्या दिवशीचे तीस पौंड मिळाले. पुढे २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि रचनाकार म्हणून राइटच्या नावाशेजारी तिचं नाव लागलं. माझ्या आईने आयुष्यभर रेडिओवर नाट्यसंगीत ऐकलं. सुट्टीत मी घरी हे लावलं तेव्हा ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली, दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “परत लाव.” बँडचं नाव तिने विचारलं नाही. त्या चार मिनिटांपुरती ती त्या गाण्याची माझ्यापेक्षा उणी श्रोती होती असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

आणखी एक दार म्हणजे वय. १९८७ नंतर ज्यांनी ऐकायला सुरुवात केली त्यांच्यासाठी गिल्मोरचाच बँड पिंक फ्लॉइड होता, वॉटर्स हा ऐकीव माणूस. आज विशीतली मुलं सगळे अल्बम एकाच दिवशी, हव्या त्या क्रमाने ऐकू शकतात. त्यांना १९६७ आणि १९९४ यांच्यात पायरी दिसत नाही, आणि ती त्यांनी पाहावी असा हट्ट आपण का धरायचा? आपण ज्याची वाट पाहिली, ज्यासाठी पैसे साठवले, ते त्यांना आयतं मिळालं म्हणून त्यांचं ऐकणं हलकं होत नाही.

मराठी घरांना हा वाद परका नाही. क्षयाच्या आजारातून उठल्यावर कुमार गंधर्व वेगळं गाऊ लागले. लहान लहान तुकडे, अचानक उसळणारा स्वर, माळव्याची लोकगीतं, निर्गुणी भजनं. त्यावर आमच्या आधीच्या पिढीने बैठकीच्या बैठकी भांडून काढल्या. कुणाला ते गाणं साक्षात्कार वाटलं, कुणाला ते गायकीच वाटेना. त्या भांडणात कडवटपणा होता, पण एक चांगली गोष्टही होती. भांडणारा माणूस तोंडाने तो स्वर लावून दाखवायचा. “हे बघ, इथे त्याने धैवत असा सोडला.” वाद गाण्याच्या आत चालायचा.

माझा मुद्दा इथेच आहे. आवडीचा आदर करायचा म्हणजे गप्प बसायचं असं मला अजिबात म्हणायचं नाही. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’, ‘ज्याची त्याची आवड’ ही वाक्यं आपण समजूतदारपणाची म्हणून वापरतो, पण बहुतेक वेळा ती दार लावण्यासाठी वापरली जातात. समोरच्याला ‘फायनल कट’ का आवडतो हे ऐकून घेण्याची तसदी नको असते, म्हणून आपण म्हणतो, “असेल बाबा, तुझी आवड.” यात आदर नाही, कंटाळा आहे. आदर असेल तर माणूस विचारेल, “तुला त्यात काय ऐकू येतं?” आणि उत्तर मिळेपर्यंत थांबेल.

गाण्याबद्दल निवाडा जरूर द्यावा. माझेही निवाडे आहेत आणि ते मी सोडलेले नाहीत. ‘ॲनिमल्स’ हा मला त्यांचा सर्वांत धारदार अल्बम वाटतो. तीन लांब गाणी, दोन्ही टोकांना एक-एक चिमुकलं गाणं, आणि त्यात एक फालतू क्षण नाही. १९८७ चा ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’ मला पोकळ वाटतो. त्याच्या मुखपृष्ठासाठी इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर सातशेवर खाटा मांडून फोटो काढला होता. त्या फोटोत जेवढी झपाटलेली कल्पना आहे तेवढी मला आतल्या गाण्यांत सापडत नाही. हे मी कुणाहीसमोर म्हणेन आणि त्यावर वाद घालेन. पण ‘हा अल्बम पोकळ आहे’ आणि ‘हा अल्बम आवडणारा तू पोकळ आहेस’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्या वाक्यावर समोरचा माणूस उत्तर देऊ शकतो. दुसऱ्यावर तो फक्त उठून जाऊ शकतो.

ते दुसरं वाक्य आज किती रूपांत फिरतं पाहा. ‘डार्क साइड’च्या मुखपृष्ठावरच्या प्रिझमचं चित्र असलेला टी-शर्ट घातलेल्या मुलीला कुणीतरी हटकतं, “चल, पाच गाणी सांग.” मुलांना हे क्वचित विचारतात. मुलींना हमखास. मी एका गाण्याच्या कट्ट्यावर हे समोर घडताना पाहिलं आहे. त्या मुलीने सात सांगितली. त्यावर पुढचा प्रश्न आला, “बॅरेटच्या काळातली?” कितीही सांगा, पुढची पायरी तयारच असते. ही परीक्षा घेणाऱ्याला उत्तराची गरज नसते, आत कोण येणार हे आपण ठरवतो एवढं त्याला दाखवायचं असतं. आपल्या समाजात उंबरठ्यावर उभं करून विचारपूस करण्याची सवय फार जुनी आहे, आणि तिचं दुखणं काय असतं हे सांगायची गरज नसावी. निदान गाण्याच्या दारात तरी तिला जागा देऊ नये.

कुणी म्हणेल, असं सगळ्यांनाच आत घेतलं तर दर्दीपणाला अर्थ काय उरला? ज्याने वर्षानुवर्षं ऐकलं, वाचलं, तुलना केली, त्याचं मत आणि परवा रीलवर तीस सेकंद ऐकलेल्याचं मत सारखंच का? मी या आक्षेपाला हलकं लेखत नाही. तानसेन व्हायला जमलं नाही तरी कानसेन व्हावं असं म्हणतात, आणि कानसेन होणं ही मेहनतच आहे. पण मेहनतीने माणसाच्या हाती येतं ते दाखवण्याचं सामर्थ्य. ‘मनी’ हे गाणं सातच्या तालात चालतं आणि गिटारचा सोलो सुरू होताच चारच्या तालात येतं, हे ज्याला कळलं आहे त्याने ते नव्या माणसाला बोटाने मोजून दाखवावं. त्याचं ऐकणं त्याने श्रीमंत होईल. तेच ज्ञान दरडावायला वापरलं तर ते दोघांच्याही कामाचं राहत नाही.

एक मर्यादा मी मानतो. आवड मोकळी असावी, हकीकत नाही. “राइट तर नुसता मागे बसून पट्ट्या दाबायचा” असं वॉटर्सचे काही भक्त म्हणतात. याला आवड म्हणता येत नाही, ही चूक आहे. ‘अस अँड देम’ची मूळ सुरावट राइटने एका इटालियन दिग्दर्शकाच्या चित्रपटासाठी रचली होती. दिग्दर्शकाने ती नाकारली, आणि काही वर्षांनी ती ‘डार्क साइड’चा कणा झाली. ही माहिती असताना कुणी म्हणालं की मला ते गाणं कंटाळवाणं वाटतं, तर वाटू दे. त्या दिग्दर्शकालाही ती नकोशी वाटलीच होती.

खरं तर बँडमधल्या माणसांचीच एकमेकांशी, आणि स्वतःच्या जुन्या कामाशी, आवड जुळली नाही. १९७० च्या ‘ॲटम हार्ट मदर’वर, त्या गाईच्या मुखपृष्ठाच्या अल्बमवर, गिल्मोर आणि वॉटर्स दोघांनीही पुढे सडकून टीका केली. हजारो लोकांना तो अजून प्रिय आहे. वॉटर्सशिवाय निघालेल्या १९८७ च्या अल्बमला वॉटर्सने हुशारीने केलेली नक्कल ठरवलं. ‘फायनल कट’मध्ये ‘द वॉल’मधून गळालेली गाणी पुन्हा घेतली हे गिल्मोरला पटलं नव्हतं. रचणाऱ्यांचं एकमत नाही, तिथे ऐकणाऱ्यांकडून एकमताची अपेक्षा कुठल्या न्यायाने करायची?

आणि त्यांच्या मतभेदातून काय निघालं हे पाहायचं असेल तर ‘कम्फर्टेबली नम’ ऐकावं. सुरावट गिल्मोरची, त्याच्या स्वतंत्र अल्बमच्या वेळची उरलेली. शब्द वॉटर्सचे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी दोघांची जुंपली. वॉटर्स आणि निर्माता बॉब एझ्रिन यांना वाद्यवृंदाने भरलेलं रूप हवं होतं, गिल्मोरला खडबडीत, उघडं. शेवटी गाण्याचा मुख्य भाग वाद्यवृंदाचा राहिला आणि शेवटचा सोलो गिल्मोरला हवा होता त्या रूपातून आला. आज शब्दांचे चाहते आणि गिटारचे चाहते दोघेही हे गाणं आपलं म्हणतात, आणि दोघेही बरोबर आहेत. आजारी माणसाशी बोलणारा डॉक्टरचा कोरडा आवाज नसता तर त्या सोलोला फोडायला भिंत मिळाली नसती. सोलो नसता तर तो माणूस आतल्या आत बधिर होऊन राहिला असता, त्याची किंकाळी आपल्यापर्यंत पोचलीच नसती. वॉटर्सच्या मैफलीत गिल्मोरचे सोलो दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्यावेच लागतात. फेब्रुवारी २००७ मध्ये तो मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘डार्क साइड’ घेऊन आला होता, तेव्हाही ते तसेच वाजले. गिल्मोरच्या मैफलीत वॉटर्सचे शब्द गायले जातात. ते दोघे एकमेकांना टाळू शकतात, गाणी टाळू शकत नाहीत.

२ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह ८’ या मैफलीसाठी वॉटर्स, गिल्मोर, राइट आणि मेसन हे चौघे चोवीस वर्षांनी एकत्र उभे राहिले. दोन गाणी १९७३ ची, एक १९७५ चं, एक १९७९ चं. पुढच्या वर्षी जुलैत बॅरेट गेला. २००८ च्या सप्टेंबरात राइट गेला. आता तसं उभं राहणं शक्यच नाही. वॉटर्स आणि गिल्मोर यांच्यातली दरी उलट वाढली आहे. २०२३ मध्ये त्यांचं राजकीय भांडण जगासमोर आलं, आणि तेव्हापासून चाहत्यांमध्ये एक नवीनच रोग शिरला आहे. कुणी म्हणालं मला ‘ॲनिमल्स’ आवडतो, की त्याचं युक्रेनबद्दलचं, इस्रायलबद्दलचं मत गृहीत धरलं जातं. कुणी गिल्मोरच्या गिटारबद्दल बोललं की तोही एका छावणीत जमा. वॉटर्सच्या मतांवर जरूर बोलावं. तो स्वतःच ती गाण्यांतून आणि मंचावरून मांडतो, तेव्हा ती टीकेच्या बाहेर नाहीत. पण १९७७ च्या गाण्यावर प्रेम करणाऱ्या माणसाकडून आजच्या प्रत्येक विधानाचा जबाब मागणं हा अन्याय आहे. मला त्यातलं काही पटत नाही, काही पटतं, आणि ‘ॲनिमल्स’मधलं ‘डॉग्ज’ ऐकताना दोन्ही वेळा तितकाच काटा येतो.

आता माझ्या भाचीबद्दल. ती बावीस वर्षांची आहे, नाशिकला असते, आणि तिला पिंक फ्लॉइडमधलं सर्वांत जास्त काय आवडतं तर ‘द डिव्हिजन बेल’. गेल्या दिवाळीत तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला आणि विचारलं, “मामा, हा माणूस इतका दबून का गातो?” गाणं होतं ‘वेअरिंग द इनसाइड आउट’. आवाज राइटचा. मी तिला सगळं सांगितलं. ‘द वॉल’च्या वेळी त्याला बँडमधून काढलं, नंतरच्या दौऱ्यावर तो पगारी वादक म्हणून वाजवत होता, पुढच्या अल्बममध्ये तो नव्हताच, १९८७ मध्ये परतला तेव्हाही पूर्ण सभासद नव्हता. आणि या गाण्यात तो ‘डार्क साइड’नंतर पहिल्यांदा मुख्य आवाजात गातो आहे. मला ही सगळी माहिती तोंडपाठ होती. तिने बोटांवर वर्षं मोजली, १९७३ ते १९९४, आणि म्हणाली, “म्हणजे एकवीस वर्षं गप्प राहिलेला माणूस बोलायला लागलाय. मग दबूनच बोलणार ना.” हे गाणं गप्प होऊन गेलेल्या माणसाबद्दलच आहे, हे तिला नुसत्या आवाजावरून कळलं होतं.

मी ते शेवटपर्यंत ऐकलं. त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. अल्बममधलं ते सहावं गाणं आहे. होस्टेलवर त्या रात्री आम्ही दुसऱ्याच्या पुढे गेलोच नव्हतो.